कृपासिद्धान्त आणि मराठी ख्रिस्ती गीत

ख्रिस्ती उपासनेत गायिले जाणारे गीत कोणत्या अर्थाने ‘रिफॉर्म्ड’ ठरते, हा प्रश्न वरवर संगीताचा वाटला तरी मुळात तो तारणविचाराचा आहे. सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेच्या ज्या शाखेला जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) याच्या विचारांनी आकार दिला, तिला रिफॉर्म्ड परंपरा म्हणतात. पापामुळे मनुष्य स्वतःचे तारण साधण्यास सर्वस्वी असमर्थ आहे, देव आपल्या सार्वभौम इच्छेने त्याची निवड करतो आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेल्या प्रायश्चित्ताच्या आधारे, केवळ कृपेने व केवळ विश्वासाच्या द्वारे, त्याला नीतिमान ठरवतो, ही या परंपरेची मध्यवर्ती शिकवण होय. १६१८–१९ मध्ये भरलेल्या डॉर्टच्या धर्मसभेने या शिकवणीला जी चौकट दिली, तीच पुढे कॅल्व्हिनवादाचे पाच मुद्दे म्हणून ओळखली जाऊ लागली.

गीताकडे या परंपरेने आरंभापासून आदराने, पण सावधपणे पाहिले. संगीतात मन हेलावण्याचे सामर्थ्य आहे हे कॅल्व्हिनला पूर्ण मान्य होते, आणि नेमके त्याचमुळे ते शब्दाच्या ताब्यात राहावे असा त्याचा आग्रह होता. जिनीव्हात मंडळीने वाद्यांविना, एका सुरात, मुख्यतः स्तोत्रसंहितेतील स्तोत्रेच छंदोबद्ध रूपात गावीत अशी रीत पडली, आणि १५६२ मध्ये दीडशेही स्तोत्रांचा छंदोबद्ध संग्रह पूर्ण झाला. पुढे आयझॅक वॉट्स, ऑगस्टस टॉपलेडी आणि जॉन न्यूटन यांच्यासारख्या इंग्रज रचनाकारांनी स्वतंत्र गीतांची वाट रुळवली. आजच्या काळात कीथ गेटी व स्टुअर्ट टाउनेंड यांनी २००१ मध्ये रचलेले ‘इन ख्राइस्ट अलोन’ हे गीत या पठडीचा नमुना म्हणून नेहमी पुढे केले जाते. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चच्या २०१३ च्या गीतसंग्रहात ते यायचे होते; परंतु वधस्तंभावर देवाचा क्रोध शांत झाला असे सांगणारी त्यातील ओळ बदलून तेथे देवाच्या प्रेमाचा उल्लेख करावा, ही समितीची सूचना रचनाकारांनी नाकारली आणि गीत संग्रहाबाहेर राहिले. रिफॉर्म्ड वारशाच्याच एका चर्चमध्ये एका ओळीवरून असा वाद व्हावा, यावरून हे दिसते की गीत जुने आहे की नवे यापेक्षा तारणाचे काम त्यात कोणाच्या हातून घडते, ही या परंपरेतली खरी कसोटी आहे.

महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यालाही गीताच्या आशयाचा हा प्रश्न परका नाही. येथील ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्प असला, तरी भौगोलिकदृष्ट्या हा जिल्हा रिफॉर्म्ड वंशाच्या दोन मिशनक्षेत्रांच्या मध्ये आहे. पश्चिमेस अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये केंद्र उघडले. हे मिशन काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे कारभारात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र मानणारे, पण तारणविचारात कॅल्व्हिनच्या कुळातले होते. उत्तरेस जालन्यात, १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने काम उभारले आणि जवळच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. हे चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या सभांमार्फत चालणारे आणि वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा प्रमाण मानणारे होते. १९२४ मध्ये उत्तर भारतातील काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे संयुक्त चर्च झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ते अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट आदी प्रवाहांसह विलीन झाले. परिणामी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाती घेऊन गाणाऱ्या मराठी मंडळीसमोर निरनिराळ्या पंथांचे तारणविचार एकाच पुस्तकात शेजारी शेजारी येतात, आणि कोणते गीत कोणत्या विचाराचे हे मुखपृष्ठावरून कळण्याची सोय उरत नाही.

या गीतभांडारावर सर्वांत खोल ठसा आहे तो नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी मराठी ख्रिस्ती गीताला भाषांतराच्या चालीतून सोडवून अभंगाच्या वाटेवर आणले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची स्वतःची कबुली होती. रिफॉर्म्ड दृष्टीने पाहता हा वारसा एका बाजूने अत्यंत जवळचा आहे. वारकरी संतांच्या अभंगांत स्वतःच्या अपात्रतेची जी निर्भीड कबुली आणि पुढाकार देवाचाच असल्याची जी जाण आढळते, ती कृपासिद्धान्ताला पोषक भूमी आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेतही पुढाकार कोणाचा हा वाद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी झाला: माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला मात्र आईच तोंडात धरून उचलते, तेव्हा भक्ताने काही धरायचे असते की देवच त्याला उचलतो, असा तो प्रश्न. रिफॉर्म्ड उत्तर निःसंशय मार्जारन्यायाच्या बाजूचे आहे; फरक इतकाच की त्या उचलण्याची किंमत वधस्तंभावर चुकती झाली आहे, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर पूर्ण होत नाही.

दुसऱ्या बाजूने या वारशात अंतरही आहे. टिळकांचा ख्रिस्त प्रामुख्याने माउली आहे, गुरू आहे. न्याय, क्रोध, करार आणि निवड ही रिफॉर्म्ड शब्दसंपदा त्यांच्या गीतांत तुलनेने विरळ आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची संघटना मांडली, यातूनही चर्चच्या सीमांविषयीची त्यांची भूमिका वेगळी होती हे स्पष्ट होते. शिवाय भक्तीची मराठी परिभाषा सायुज्याकडे, म्हणजे देवाशी एकरूप होण्याकडे, सहज झुकते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ही ज्यांची समाधिभूमी मानली जाते, त्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’त जीव व ब्रह्म यांचे अद्वैत मराठीत मांडले गेले, आणि ती परिभाषा पुढच्या शतकांत मराठी धर्मभाषेत मुरली. कॅल्व्हिननेही विश्वासणाऱ्याच्या ख्रिस्ताशी होणाऱ्या ऐक्याला फार मोठे स्थान दिले आहे. पण त्या ऐक्यात निर्माता निर्माताच राहतो आणि निर्मित निर्मितच. म्हणून ‘तुझ्यात विरून जाणे’ या धर्तीचा शब्दप्रयोग ख्रिस्ती गीतात आला की तेथे मेळ अभिप्रेत आहे की लय, हे संदर्भावरून तपासावे लागते.

तपासणी आशयापाशी थांबत नाही, रचनेपर्यंत जावी लागते. मोठ्या अभंगाच्या एका चौकात सहा, सहा, सहा आणि चार अशी अवघी बावीस अक्षरे असतात. एवढ्या जागेत युक्तिवाद मावत नाही, निष्कर्ष मावतो. त्यातही ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते, म्हणून पाच कडव्यांच्या गीतात कडवे एकेकदाच कानी पडते आणि ध्रुवपद पाच-सहा वेळा. कडव्यांत देवाची कृपा वर्णिली असेल आणि ध्रुवपदात मात्र ‘मी तुला सोडणार नाही’ असा गाणाऱ्याचा निर्धार असेल, तर मंडळी घरी नेते तो निर्धार, कृपा नव्हे. हिंदी किंवा इंग्रजी आराधना-गीतांच्या धाटणीवर बेतलेल्या आजच्या मराठी गीतांत कडवी आखूड आणि आवर्तने दीर्घ झाली आहेत, त्यामुळे ही गोष्ट अधिकच जोखमीची ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने परजिल्ह्यांत जातात अशा प्रदेशात पुस्तक गावी राहते आणि पाठ असलेले तेवढेच बरोबर जाते. तेथे ध्रुवपदात काय ठेवायचे हा धर्मशिक्षणाचाच निर्णय असतो.

मग जड सिद्धान्त गीताला पेलतो का, ही शंका उरते. अंबाजोगाईच्याच दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांच्या परस्परमिश्रणातून सृष्टी कशी घडते हे सांगणारा, रुक्ष विषय लांबलचक पासोडीवर लिहून काढला आणि रागदारीत गाता येतील अशी पदेही विपुल रचली. तत्त्वज्ञानाने गळा दाटतो असे या मातीने कधी मानले नाही. पण गायनाच्या जोडीला निरूपण असावे, ही अट मात्र तिने सांभाळली. अखंड हरिनाम सप्ताहात बीडच्या गावोगावी होणाऱ्या वारकरी कीर्तनात एकच अभंग घेऊन त्याचे पद न् पद उलगडले जाते, आणि नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त व उत्तररंगात आख्यान येते. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या परिसरात हाच घाट ख्रिस्ती आशयासाठी वापरला. शास्त्रवचन वाचायचे, त्याचा अर्थ फोडायचा आणि मग तोच अर्थ टाळ-मृदंगावर मंडळीच्या मुखी द्यायचा, ही रचना जिनीव्हाच्या शिस्तीपेक्षा कानाला वेगळी असली तरी तिच्या हेतूशी तंतोतंत जुळते, कारण येथेही सूर शब्दाच्या मागून चालतो.

यावरून रिफॉर्म्ड आशयाच्या समकालीन गीतांचा शोध मराठीत कोणत्या दिशेने घ्यावा हे ठरते. परदेशी गीतांची भाषांतरे उपयोगी आहेत, तथापि त्यांच्या चालींत मराठी अक्षरे कोंबताना अर्थाचे सांधे निखळतात. जुन्या संग्रहाची छाननी आवश्यक आहे, तथापि केवळ वगळण्याने नवे काही हाती लागत नाही. अभंगाचा अनुताप कायम ठेवून ध्रुवपदात देवाची कृती बसवणारी रचना, आणि ती उलगडून सांगणारा पाळक किंवा कीर्तनकार, या दोहोंची एकत्र घडण ही खरी गरज आहे. निरूपणाची साथ मिळाली तर आशयाने हलके असलेले गीतही मंडळीला योग्य जागी नेऊन पोहोचवता येते. ती साथ सुटली तर डॉर्टचे पाचही मुद्दे यमकात बसवले तरी मंडळीच्या पदरात केवळ चाल पडते.