वेलाला फूल केव्हा येते?

शास्त्रपाठ : लूक १३:६–९, मार्क ४:२६–२९



डभोईचे नाव काढले की मराठी माणसाला १ एप्रिल १७३१ ची लढाई आठवते. थोरले बाजीराव व सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यातील तंट्याचा निकाल तिथे एका दिवसात लागला. त्याच डभोईच्या काळ्या मातीत वालाचे बी लावणाऱ्याला मात्र निकालासाठी महिनोन् महिने थांबावे लागते. आज आपण त्या थांबण्याविषयी विचार करू.

पहिल्यांदाच बी लावणाऱ्याला वाल फार सोयीचा. गुजरातेत त्याला वालोळ किंवा पापडी म्हणतात. दाणा मोठा, लहान मुलालाही धरता येतो. पावसाळ्याच्या आरंभी माती वाफशावर आली की बोटाच्या एका पेराइतका खोल टोचावा. काळी माती पाणी धरून ठेवते आणि चिखलात बी कुजते. म्हणून तीत शेणखत व थोडी वाळू मिसळावी. मग हात आवरावा. आत काय चालले आहे हे उकरून पाहणाऱ्याच्या हातून कोवळे मूळच तुटते. कारण आधी मूळ खाली जाते, नंतर देठ वर येतो, आणि तोही मान वाकवून, म्हणजे नाजूक शेंड्याला मातीचा धक्का लागत नाही.

खरी परीक्षा पुढेच असते. भाद्रपदात वेल मांडवभर पसरतो, पाने हिरवीगार, पण फुलाचा पत्ता नाही. नवशिका म्हणतो, “वेल वांझ निघाला,” आणि कोयता हाती घेतो. वास्तविक वेलात काही खोट नसते. वालाच्या जुन्या जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. थंडीची चाहूल लागली की तोच वेल फुलांनी भरतो आणि संक्रांतीच्या उंधियूत त्याचीच पापडी पडते. भाद्रपदात तो तोडला असता तर?

आपल्या शब्बाथ शाळेतही असा एखादा मुलगा असतो. वर्ष झाले तरी त्याला एक वचन पाठ नाही, प्रार्थनेच्या वेळी तो शेजाऱ्याला चिमटे काढतो. शिक्षक कंटाळून त्याच्या आईला निरोप धाडतात, “याला उद्यापासून पाठवू नका.” बंधूंनो, असा कोयता चालवणे सोपे आहे, पण त्या घावाने कदाचित एक सबंध घर मंडळीपासून तुटते.

प्रभूने सांगितलेल्या अंजिराच्या दाखल्यात धन्याची तक्रार खरी होती. तीन वर्षे फळ नव्हते. माळ्याने ती नाकारली नाही. त्याने आणखी एक वर्ष मागितले, आणि भोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. धीर धरणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. पुढे त्या झाडाला फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते माळ्याच्या हातात नव्हते; खणणे तेवढे त्याच्या हातात होते. मार्कातला शेतकरीही बी कसे वाढते हे जाणत नाही, तरी पेरल्यावाचून राहत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. वालाच्या दाण्याची दोन जाड दले रोपाबरोबर वर येतात, खरी पाने येईपर्यंत त्याला पोसतात, मग सुरकुतून गळून पडतात. पापडी तोडताना त्यांची कोणाला आठवण होते? शिक्षकांनो, आपली सेवाही पुष्कळदा अशीच आहे. फळ दुसरा कोणी पाहील. पण आपण पोसले नसते तर वेल मांडवापर्यंत पोहोचला नसता.

तेव्हा हजेरीपटावरून कोणाचे नाव खोडण्यापूर्वी या आठवड्यात त्याच्या घरी जा. त्याच्याशी बोला, त्याच्या आईवडिलांबरोबर प्रार्थना करा. आणि येत्या पावसाळ्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाला वालाचे दोन दाणे द्या. मुले वेल वाढवतील, आणि वेल आपल्याला धीर शिकवील.

वाढवणारा देव आहे. आपण विश्वासूपणे खणत राहू. आमेन.