कचेरीतला निरोप कोणाच्या ताब्यात?

कामाच्या निरोपाला दोन धोके असतात. तो भलत्याच्या हाती पडू शकतो, किंवा तो पोहोचवणारी यंत्रणाच भलत्याच्या हुकमाने बंद पडू शकते. पहिल्यापासून जपणे ही माहितीची गोपनीयता. दुसऱ्यापासून जपणे हे डिजिटल सार्वभौमत्व. हे शब्द नेहमी जोडीने येतात, त्यामुळे एक साधले की दुसरे आपोआप साधते असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात कामाचा निरोप पहिल्यापासून लांबचा प्रवास करत आला. भरवेली, उकवा, तिरोडी इथल्या मँगनीजच्या खाणी ज्या मॉइल कंपनीच्या, तिचे मुख्यालय नागपूरला. मलाजखंडची तांब्याची खाण हिंदुस्तान कॉपरची, तिचे कोलकात्याला. आणि कलेक्टर कचेरीला उत्तर द्यायचे ते भोपाळला. डाक-तारेच्या काळात ही सारी वाट सरकारी होती. १८८५ च्या तार कायद्याने निरोप अडवण्याचा आणि उघडून पाहण्याचा अधिकारही सरकारलाच दिला होता. स्वातंत्र्यानंतर यंत्रणा देशाच्या ताब्यात आली, पण निरोपाचे खासगीपण त्यामुळे वाढले नाही.

मोबाइलने पारडे उलटे केले. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सगळ्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिले. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये उघडतो. मधल्या सर्व्हरला, म्हणजे खुद्द कंपनीलाही, मजकूर दिसत नाही. सामान्य माणसाला इतके पक्के कुलूप पूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि स्वदेशीच्या आग्रहात ते हातचे घालवणे मोठे नुकसानीचे ठरेल. मात्र कुलूप मजकुराला आहे, त्याच्या भोवतालाला नाही. कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले, कोणत्या गटात कोण आहे, ही माहिती अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेतून जाते. बालाघाटने नक्षलवादाची कित्येक वर्षे काढली आहेत. जंगलातल्या एखाद्या चौकीचा गट रात्री दोन वाजता अचानक जागा झाला, एवढे जरी बाहेर कळले तरी मजकूर वाचण्याची गरज उरत नाही.

त्याहून रोजचा आणि कमी बोलला जाणारा प्रश्न असा, की फोन माणसाचा असतो आणि काम कचेरीचे. अधिकाऱ्याची बदली झाली की व्हॉट्सॲपच्या गटात झालेले निर्णय आणि छायाचित्रे त्याच्या फोनबरोबर निघून जातात. माहितीच्या अधिकारात कोणी कागद मागितला तर फायलीत काही सापडत नाही. गटात पडलेली कुपोषित बालकांची यादी, नाव-गाव-आजारासह, गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरते. तिथून ती बॅकअपमध्ये जाते. त्या बॅकअपला कुलूप लावण्याची सोय २०२१ मध्ये आली खरी, पण ती वापरणाऱ्याने स्वतः चालू करावी लागते. त्या यादीतल्या बैगा आदिवासी आईला यातले काहीच कोणी विचारलेले नसते. गोपनीयतेची चर्चा अधिकाऱ्यांच्या गुपितांपाशी थांबते, तेव्हा तिचा सर्वांत मोठा हक्कदार बाहेरच राहतो.

दुसऱ्या धोक्याचे लख्ख उदाहरण २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईत घडले. नायरा एनर्जी या कंपनीचे मुख्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनारला आणि सुमारे ४९ टक्के भांडवल रशियाच्या रोसनेफ्टचे. युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध लादले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. कर्मचाऱ्यांचे आउटलुक आणि टीम्स बंद पडले. पैसे पूर्ण भरलेले असताना आणि भारतीय कायद्याने तशी सक्ती नसताना हे घडले, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिना संपता संपता सेवा परत सुरू झाली. मधल्या काळात ईमेलसाठी तिने मुंबईच्याच रेडिफचा आधार घेतला. या प्रकरणात कोणी कोणाचे पत्र वाचले नव्हते. एन्क्रिप्शन कितीही भक्कम असते तरी काही उपयोग नव्हता, कारण मुख्य बटण ब्रुसेल्समधल्या निर्णयाशी जोडलेले होते.

त्यानंतर देशी साधनांकडे ओढा वाढला. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या तमिळनाडूतल्या कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याचे त्याच वर्षी समोर आले. तिचेच अरट्टै हे ॲप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरोघर पोहोचले, तेव्हा त्याच्या लेखी संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हते. म्हणजे बटण देशात आले आणि कुलूप सैल झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, अर्थात एनआयसीचे, ‘संदेस’ हे ॲप दोन्ही साधू पाहते. या संस्थेचे केंद्र प्रत्येक जिल्ह्यात आहे, बालाघाटलाही, त्यामुळे कचेरीचा निरोप कचेरीच्या यंत्रणेत ठेवण्यासाठी माणसे नव्याने शोधावी लागत नाहीत. फ्रान्सने २०१९ मध्ये सरकारी नोकरांसाठी ‘चॅप’ आणले ते मॅट्रिक्स या खुल्या प्रणालीवर. मॅट्रिक्समध्ये प्रत्येक सरकारी खाते आपला सर्व्हर चालवू शकते, त्याचा प्रोग्रॅम कोणालाही तपासता येतो आणि एक सर्व्हर बंद पडला तरी बाकीचे एकमेकांशी बोलत राहतात. भारतातल्या जिल्ह्यांना हीच रचना अधिक मानवेल, कारण तिच्यात विश्वास एका कंपनीवर किंवा एका मंत्रालयावर टाकावा लागत नाही.

विश्वास कोणावर टाकायचा, हा मुद्दा कायद्यापाशी येऊन भिडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना त्याच्या कक्षेतून वगळता येते. तार कायद्याची जागा घेण्यासाठी त्याच वर्षी आलेल्या दूरसंचार कायद्यातही निरोप अडवण्याचा अधिकार सरकारकडे कायम आहे. सर्व्हर भोपाळला असो वा दिल्लीला, त्याच्या किल्ल्या निरोप लिहिणाऱ्यांच्या फोनमध्येच राहतील अशी बांधणी केली, तरच हे अधिकार मजकुरापर्यंत सहजासहजी पोहोचत नाहीत.