दानाची पावती

यंदा मोरा बंदरावरच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपले, प्रसाद वाटून झाला, आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आलेला एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. घराणे माळकरी, नोकरी चांगली. पाया पडून म्हणाला, "बुवा, दरवर्षी मार्चात मी एका अनाथालयाला आणि एका धर्मार्थ दवाखान्याला मिळून दहा हजार रुपये देतो. कराच्या नव्या पद्धतीत त्याची सवलत उरली नाही. म्हणून यंदा हात आखडला. यात काही चुकले का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. पाठशाळेत आम्ही व्याकरण घोकले, वेदान्त ऐकला. आयकर कोणी शिकवला नाही. तेव्हा एका जाणत्या हिशेबनिसाला गाठले. त्याच्याकडून कळले ते असे.

१९६१ च्या आयकर कायद्यात ८०-जी हे दानाच्या सवलतीचे कलम होते. सरकारने मान्य केलेल्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होई, आणि तिलाही मर्यादा असे. धान्य, कापड असे वस्तुरूप दान त्यात धरत नसत. २०१७ च्या दुरुस्तीने दोन हजारांहून जास्त रोख दिलेल्या देणगीची सवलत गेली. २०२० साली कमी दराची नवी पद्धत आली, तीत ही सवलत ठेवली नाही. आणि २०२३-२४ पासून तीच सर्वांना आपोआप लागू झाली. जुनी हवी असेल तर तसे सांगून निवडावी लागते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही मांडणी हीच आहे. म्हणजे सवलतीचे दार बंद झालेले नाही. पण आता ते वाटेवर नाही, वळसा घालून जावे लागते.

आता त्या तरुणाचा हिशेब पाहू. दहा हजारांचे दान, त्यातले पाच हजार उत्पन्नातून वजा. कराचा दर वरच्या पायरीचा, म्हणजे शेकडा तीस, धरला तरी वाचणार दीड हजार. उपकराचे थोडे वर. म्हणजे खिशातून खरे जात होते साडेआठ हजार. दीड हजार हातचे गेले म्हणून याने साडेआठ हजारही अडवून धरले! शिवाय नव्या पद्धतीत दर उतरल्याने त्याचा एकूण कर पूर्वीपेक्षा कमीच झाला होता. सरकारने एका हाताने सोडले ते याने मोजले नाही. दुसऱ्या हाताने काढून घेतले तेवढे मात्र मोजले. सज्जनहो, मनाचा हिशेब हा असाच असतो. त्याला जमेची बाजू दिसत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे आपले कर्तव्यच आहे असे समजून, परतफेडीची आशा न धरता, योग्य जागी आणि योग्य वेळी दिले ते सात्त्विक. परतफेडीवर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिले ते राजस. अपात्री, अवमान करून दिले ते तामस. मग सवलत घेणारा प्रत्येक दाता राजस का? नव्हे. कायद्याने दिलेली सवलत घेण्यात दोष नाही. पण सवलत गेल्याबरोबर दान थांबले, तर ते दान कशाच्या टेकूवर उभे होते ते आपोआप उघड झाले. टेकू काढल्यावर भिंत पडली, तर दोष टेकू काढणाऱ्याचा किती आणि भिंतीचा किती?

वारीकडे पाहा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणजे ज्या शेतकऱ्याने दिंडीला ज्वारीचे पोते दिले, त्याला सवलत कधी नव्हतीच. पालखीतळावर भाकरीची टोपली आणून ठेवणाऱ्या माउलीला पावती कोण देतो? तरी वारी चालली, पंगती उठल्या. नव्या पद्धतीने पगारदार माणसाला तिच्याच पंगतीत आणून बसवले, एवढेच झाले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अध्यात्माच्या नावाखाली कोणी म्हणेल, "दानाला सवलत कशाला? मुळात करच कशाला? तो पैसा आम्हीच गरिबाला देऊ." त्याने दामाजीपंतांची कथा आठवावी. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे पंतांनी भुकेल्यांना खुली केली. धान्य बादशाहाचे होते. भक्तासाठी पांडुरंग विठू महार होऊन बेदरास गेला. पण तेथे त्याने काय केले? माफी मागितली नाही, सवलत मागितली नाही. धान्याचा पुरा पैसा भरला आणि रीतसर पावती घेतली. जगाचा मालक, पण त्यानेही दुसऱ्याचा वाटा बुडवला नाही. आमच्या बंदरावर मासळीचे वाटे पडतात, होडीचा, जाळ्याचा, खलाशांचा. खलाशाच्या वाट्यातली मासळी उचलून भिकाऱ्याला दिली तर ते दान होईल काय? कर हा असाच सर्वांचा वाटा आहे. तो दिल्यावर जे उरते ते आपले, दान त्यातून.

याच कारणाने खोटी पावती हे मोठे पाप. काही वर्षांपूर्वी मी एका लहानशा संस्थेचा विश्वस्त होतो. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "पाच हजार घ्या, पंचवीस हजारांची पावती द्या." छपराला पैसा हवा होता. खरे सांगतो, क्षणभर माझेही मन डळमळले. मग नाही म्हणालो. ते छप्पर दोन पावसाळे गळले. पण त्याखाली बसून नाम घेताना मान खाली घालावी लागली नाही.

राहिला प्रश्न गुप्तदानाचा. २००६ च्या दुरुस्तीने संस्थांना मिळालेल्या निनावी देणग्यांवर शेकडा तीस कर बसवला. निव्वळ धार्मिक संस्था त्यातून वगळल्या. शिर्डीच्या संस्थानाच्या दानपेटीवरून वाद झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली ते धार्मिक आणि धर्मादाय असे दोन्ही आहे असे ठरवून सूट मान्य केली. दवाखान्याला देताना मात्र नाव लिहावे लागते. लिहावे. चोपडीत नाव गेल्याने गुप्तदान बिघडत नाही. भिंतीवर कोरल्याने बिघडते.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "बाबा, पुण्याचे काय ते पांडुरंग पाहील. पण तू हात आखडलास तेव्हा तुझे दीड हजार वाचले नाहीत, आणि त्या अनाथालयातल्या पोराच्या ताटातले मात्र कमी झाले. त्याला जुनी पद्धत ठाऊक नाही, नवी ठाऊक नाही. त्याला भूक ठाऊक आहे."

तो काही बोलला नाही. ओहोटी लागायच्या आत लाँच गाठायची होती, म्हणून उठला. जाताना एवढेच विचारले, "बुवा, मार्च उलटून गेला. आता दिले तर चालेल?"

भुकेला आर्थिक वर्ष नसते. चालेल म्हणालो.

राम कृष्ण हरी.