धास्ती आणि जाब

विमान धावपट्टी सोडते तेव्हा माझी मूठ आपोआप आवळते. बरखेड्यातून स्कूटरने बाजारात जाताना मात्र ती तशी आवळत नाही. वास्तविक २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर दीड लाखाहून अधिक माणसे मेली. हँडल आपल्या हाती असले की भय वाटत नाही, एवढेच. पण १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर कोसळले. प्रवाशांनी निदान तिकीट काढले होते; जेवायला बसलेल्या पोरांनी कोणता धोका पत्करला होता? १९८४ च्या डिसेंबरात आमच्या भोपाळात झोपलेल्यांनाही कुणी विचारले नव्हते. म्हणून वाटते, प्रवाशाची धास्ती हा दुबळेपणा नव्हे. जाब विचारण्याची ती सुरुवात आहे. मात्र ज्यांना धोक्याची कल्पनाच दिली गेली नाही, त्यांच्या वतीनेही तो जाब विचारला पाहिजे.