दोषांसह पूज्य

चिनी सेनापती ग्वान यू याचा इ.स. 220 मध्ये शिरच्छेद झाला. पुढे तो देव झाला. तिसऱ्याच शतकात इतिहासकार छेन शौने त्याच्या शौर्याबरोबर त्याचा हेकटपणाही नोंदवला होता. लो ग्वानचोंगच्या नावावर असलेल्या ‘तीन राज्ये’ या कादंबरीत तो जुन्या उपकाराला स्मरून वैऱ्याला वाट देतो. हा प्रसंग कल्पित आहे. पण कादंबरीने त्याचा अहंकार पुसला नाही. शेजारच्या राजाने पाठवलेली सोयरीक तो अपमान करून फेटाळतो, आणि त्याचा घात तोच राजा करतो. देवत्वाला या दोषाची अडचण झाली नाही.

हे आठवायला कारण लातूरच्या वर्गातला एक प्रश्न. गडकऱ्यांच्या अपूर्ण ‘राजसंन्यास’विषयी बोलताना, 2017 च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत फेकला गेला, ते कृत्य मी निषेधार्ह म्हटले. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, नाटकातला संभाजी खोटा असेल, तर आपण ते शिकायचं कशाला?” तिच्या देवघरात महाराजांची तसबीर आहे. कलावंताच्या स्वातंत्र्याचे ठरीव उत्तर मी दिले. ते अपुरे होते.

कारण विलासी संभाजीची ती परंपरा मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीपर्यंत जाते. आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी 1681 मध्ये देहान्त शासन दिले होते. घराण्याचा सल नाटकाने न तपासता उचलला. मृताला प्रतिवाद करता येत नाही, म्हणून लेखकाचे दायित्व वाढते. (गडकऱ्यांपुढे बेंद्रे नव्हते, हेही खरे.) खरा प्रतिवाद वा. सी. बेंद्रे यांनी 1960 मध्ये व कमल गोखले यांनी 1971 मध्ये साधनांनिशी केला. 1979 च्या ‘छावा’ने तो घरोघरी नेला.

आता मात्र भक्ती त्याहून अधिक मागते: चरित्रात एकही निरगाठ नको. डिसेंबर 1678 मध्ये युवराज संभाजी दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभरात परतले, या घटनेचे काय करायचे? ती राजकारणाची चाल होती असे म्हणून सुटका करून घेता येते. पण त्या स्पष्टीकरणात दुखावलेला पुत्र हरवतो. मोगलांच्या छावणीतून परतलेला हाच माणूस पुढे जवळजवळ नऊ वर्षे मोगलांशी झुंजला आणि 11 मार्च 1689 रोजी हालहाल सोसून मेला. 1678 झाकले, की 1689 मधील त्याची निवड जन्मसिद्ध गुण ठरते. ती निवड उरत नाही.

त्या विद्यार्थिनीने सत्राच्या निबंधाला दिलेरखानाच्या छावणीचाच विषय घेतला. निबंध चांगला उतरला. घरी दाखवलास का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “अजून नाही, सर.”