तुटलेल्या नात्याची जखम



ठरलेले लग्न मोडले किंवा बरीच वर्षे जपलेले प्रेम संपले, की घरची मंडळी म्हणतात, "आता फोन करू नकोस, भेटू नकोस, विसरून जा." सल्ला योग्यच असतो. पण फोन बंद केला म्हणून आठवणी थांबत नाहीत. त्यातून दोघे एकाच धर्मग्रामातले असतील, तर दर रविवारी मिस्साला तोच चेहरा पुन्हा समोर दिसतो.

येत्या २८ ऑगस्टला आपण संत ऑगस्टीन यांचा सण साजरा करणार आहोत. ही वेदना त्यांनी भोगली होती. तरुणपणी ते चौदा-पंधरा वर्षे एका स्त्रीबरोबर लग्नाविना राहिले. अदेओदातुस हा त्यांचा मुलगा. पुढे मिलान शहरात चांगल्या घरातील मुलीशी ऑगस्टीन यांचे लग्न ठरले आणि त्या स्त्रीला आफ्रिकेला परत जावे लागले. मुलगा वडिलांकडे राहिला. ताटातुटीने हृदयाला झालेली जखम वाहतच राहिली, असे 'कन्फेशन्स' या आत्मकथनात ते कबूल करतात.

नियोजित वधू वयाने लहान होती, दोन वर्षे थांबायचे होते. तेवढाही धीर न धरवल्याने त्यांनी दुसरी स्त्री जवळ केली. जखम भरली नाही, उलट चिघळली. जाणारी स्त्री मात्र पुन्हा कोणत्याही पुरुषाची होणार नाही, असे देवाला वचन देऊन गेली. तिच्याएवढे बळ आपल्यात नव्हते, हेही ऑगस्टीन लपवत नाहीत. आपले रिकामे हृदय त्यांनी ३८६ साली देवापुढे ठेवले आणि ३८७ च्या ईस्टरला मुलासह बाप्तिस्मा घेतला.

तरुण मित्रांनो, संपर्क तोडणे म्हणजे द्वेष करणे नव्हे. क्षमा करायला रोज बोलावेच लागते असे नाही. नंबर काढून टाका. रात्री जुने फोटो आणि निरोप उघडून बसू नका. गरज वाटल्यास काही आठवडे दुसऱ्या मिस्साला या, पण मिस्सा चुकवू नका. एकटेपणा घालवण्यासाठी घाईने दुसरे नाते जोडू नका. त्यात तिसऱ्या निरपराध जिवावर अन्याय होतो. आठवण आली की पवित्र साक्रामेंतासमोर बसा. त्या व्यक्तीचे नाव घेऊन एकच म्हणा, "प्रभो, हिला (याला) सुखी ठेव." पहिल्या दिवशी शब्द घशात अडकतील. तरीही म्हणा.

आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? मिस्सा सुटल्यावर अंगणात "काय झालं गं?" असे विचारू नये. एकाची खबर दुसऱ्याकडे नेऊ नये. त्यांनी मोठ्या कष्टाने लावलेले दार आपण उघडू नये.

जखमी हृदयांना शांती देणारा प्रभू येशू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.