चोर कोणाला म्हणावे?

मशिदीच्या दारातून एखाद्याची चप्पल नाहीशी झाली, की सारी वस्ती सावध होते. बाजारात खिसा कापणारे पोर सापडले, तर त्याचे नाव-गाव विचारण्याआधीच लोकांचे हात उगारले जातात. वडिलांच्या निधनानंतर भावांनी जमीन आपसांत वाटून घेतली आणि बहिणीचा विषयही काढला नाही, तर मात्र वस्ती शांत असते. त्या भावांच्या घरच्या दावतीला आपण जातो, नमाजच्या रांगेत त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतो. प्रिय वाचकहो, चोरी ओळखण्याची आपली दृष्टी नेलेल्या वस्तूवर ठरते की नेणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर?

हा दोष जुना आहे. मक्का-विजयाच्या काळात, हिजरी सन ८ मध्ये, कुरैशच्या मखजूम या प्रतिष्ठित घराण्यातील एका स्त्रीवर चोरीचा आरोप सिद्ध झाला. घराण्याची अब्रू वाचावी म्हणून लोकांनी आदरणीय प्रेषितांना (स.) अत्यंत प्रिय असलेल्या ह. उसामा बिन ज़ैद (र.) यांच्याकरवी शब्द टाकला. प्रेषितांना (स.) ते मुळीच रुचले नाही. त्यांनी लोकांना उभे राहून समजावले, की पूर्वीच्या समाजांचा नाश याच रीतीने झाला. तेथे मोठ्याने चोरी केली तर त्याला सोडून देत आणि दुर्बळाने केली तर शिक्षा करीत. आपली कन्या ह. फातिमा (र.) यांच्याबाबतही न्याय वेगळा झाला नसता, असेही त्यांनी सांगितले. हा प्रसंग आपण व्याख्यानांत नेहमी ऐकतो, पण बहुधा शिक्षेच्या कठोरतेचा दाखला म्हणून. माझ्या मते त्याचा रोख शिक्षेपेक्षा शिफारशीवर अधिक आहे.

याची दुसरी बाजू ह. उमर (र.) यांच्या एका निवाड्यात दिसते. ह. हातिब (र.) यांच्या गुलामांनी मुज़ैना कबिल्यातील एका माणसाची सांडणी चोरून कापली. आधी शिक्षेचा हुकूम निघाला. पण मालकाने या माणसांना उपाशी ठेवले असावे, हे लक्षात येताच ह. उमर (र.) यांनी तो थांबवला. सांडणीची किंमत ४०० दिरहम होती, ८०० दिरहम मालकाला भरावे लागले. चोरीचा माग काढत निघालेला न्याय भुकेल्याजवळ थांबला नाही, त्याला उपाशी ठेवणाऱ्याच्या दारापर्यंत गेला. पोराला गराडा घालून मारणाऱ्या जमावाने हा निवाडा ऐकायला हवा. तसे मारणे ही शरीअत नव्हे आणि न्याय तर नव्हेच.

मापात मारणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे, ८३ वी, मुतफ्फिफीन. जकात गोळा करून आणलेल्या एका अधिकाऱ्याने हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले, अशी वाटणी मांडली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, की तो आई-बापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय? वीजमीटरमधील हातचलाखी, कामाच्या वेळेतली कुचराई, मशिदीच्या किंवा जमातीच्या निधीतून परस्पर भागवलेली गरज ही सारी याच कुळातली. त्यांविषयी निदान कुजबुज तरी होते. बहिणीच्या हिश्शाविषयी तीही होत नाही.

उहुदच्या लढाईत ह. सअद बिन रबीअ (र.) शहीद झाले. त्यांच्या पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या. मुलींच्या चुलत्याने सारी मालमत्ता ताब्यात घेतली होती आणि मुलींची लग्ने कशी व्हावीत, ही त्यांची चिंता होती. चुलत्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते, कारण लढणाऱ्या पुरुषांनाच वारसा मिळे, असा अरबांचा रिवाज होता. पुढे सूरह निसामधील वारसाविषयक आयती अवतरल्या. दोन्ही मुलींना मिळून दोन-तृतीयांश, पत्नीला एक-अष्टमांश आणि जे उरेल ते चुलत्याला, असा निवाडा झाला.

फिक्हच्या परिभाषेत सुरक्षित जागेतून गुपचूप नेणे म्हणजे सरिका. भावाने बहिणीचा हिस्सा दाबणे त्या व्याख्येत बसत नाही, ते गसब किंवा खियानत ठरते. यावरून काही जण समाधान करून घेतात, की मग ही चोरी नव्हे. पण व्याख्या निराळी झाली म्हणून परत करण्याचे कर्तव्य तसूभरही कमी होत नाही.

“तिच्या लग्नात खर्च केला” हे उत्तर घरोघरी तयार असते. वडिलांनी हयातीत दिले ती भेट. वारसाहक्क तर त्यांच्या निधनानंतर निर्माण होतो. “तिनेच राजीखुशीने सही केली” हे दुसरे उत्तर. हक्कसोडपत्रावर सही करताना तिच्यासमोर कागद असतो आणि मनात माहेर तुटण्याची भीती. मनापासून दिल्याखेरीज कोणाचा माल दुसऱ्याला हलाल होत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, आणि ईदला दार बंद होईल या धास्तीने केलेल्या सहीत तो मनापासूनपणा कोठून येणार? तिचा हिस्सा आधी वेगळा काढून तिच्या ताब्यात द्यावा, त्यानंतर तिला वाटले तर ती देईल, असे जाणकार उलमा सांगतात. असे किती घरांत घडते?

भारतात १९३७ चा शरीअत कायदा झाला तो मुलींना डावलणारे रिवाज मोडण्यासाठीही. मात्र त्याच्या मूळ मजकुरात शेतजमीन वगळली गेली. पण श्रद्धावंताचा हिशेब मजकुराच्या फटीत लपत नाही.

तो हिशेब अवघडही नाही. एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन आहे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. कर्ज किंवा वसीयत नसेल, तर पत्नीला ५ गुंठे, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७ गुंठे.

ते ७ गुंठे वीस वर्षांपूर्वी दाबले गेले असतील, तर आजही ते तिचेच आहेत. ती हयात नसेल, तर तिच्या वारसांचे. त्यांच्या बदल्यात मशिदीला पंखे देऊन किंवा गरिबांना जेवण घालून ते फिटत नाहीत. मालकाचा पत्ताच लागत नसेल, तेव्हाच त्याच्या वतीने सदका करण्याची वाट आहे. येथे तर पत्ता ठाऊक आहे, ती आपल्याच बहिणीची मुले आहेत.